वाढत्या अंगाचा दस्ता

लकडगंज, नागपूर
१२ मे २०२५

चि. जितेंद्र,

आशीर्वाद आहेतच, ते गृहीत धर आणि पुढचं वाच.

फोन तू उचलत नाहीस. आईचा उचलतोस, मिनलचा उचलतोस, माझा नंबर दिसला की मौद्याची रेंज जाते. मौदा काही लडाखात नाही. लकडगंजातून निघालेला माणूस तासाभरात तुझ्या क्वार्टरच्या दारात उभा राहू शकतो. तो तास तुला सात वर्षांत सापडला नाही. मलाही सापडला नाही, ते राहू दे. म्हणून पत्र लिहितो आहे. पत्र मधेच कट करता येत नाही.

तुझ्याकडे काम एका ओळीचं आहे. उन्नतीच्या रायफलीला दस्ता कुठला लावायचा? एका मापाचा, पक्का, लाकडी? की तो नवीन, स्क्रू फिरवून पुढेमागे, वरखाली होणारा, ज्याला सगळे अ‍ॅडजस्टेबल म्हणतात? फक्त लाकडी किंवा अ‍ॅडजस्टेबल एवढा एक शब्द लिहून पाठव. बाकी ख्यालीखुशाली नाही लिहिलीस तरी चालेल.

तुझी भाची चौदा वर्षांची झाली. एअर रायफल मारते, दहा मीटरवर, तू मारायचास तशीच. आधी क्लबच्या रायफलीवर शिकली. मार्चमध्ये मी तुझी रायफल दुकानाच्या भिंतीवरून काढली, पुसली, नवं वायसर टाकलं आणि तिच्या हातात दिली. आलापल्लीच्या सागवानाचा दस्ता, माझ्या हातचा. पंधरा वर्षं खिळ्यावर लटकला होता, केसाएवढी चीर नाही. लोकांनी हात फिरवून पाहिला. तुझ्या त्या वयात मी तुला दिलेली वस्तू आता तिच्या उपयोगी पडते आहे, याचा मला आनंद झाला, तो तुला होईल अशी अपेक्षा नाही.

पण तिच्या कोच श्वेता मॅडम म्हणतात, हा दस्ता चालणार नाही. पोरगी सुरुवातीला नऊ-दहा गुणांचे नेम मारते आणि शेवटी शेवटी घसरते. मी म्हटलं, हा तुझा दस्ता आहे, तिच्या मापाचा नाही, तिच्या मापाचा मी नवा कोरून देतो, पंधरा दिवसांत. त्या म्हणतात, अ‍ॅडजस्टेबलच घ्या. बावीस जूनला निवड चाचणी आहे. त्यात आली तर राज्याच्या शिबिराला जाईल, नाही तर वर्ष गेलं. एवढ्या तोंडावर या बाईंचं असं.

मी तो अ‍ॅडजस्टेबल पाहून आलो. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा. दवाखान्यातल्या कुबडीसारखा दिसतो. गाल टेकवायला वेगळी पट्टी, खांद्याला वेगळी, आठ-दहा स्क्रू, आणि ते फिरवायला एक एवढीशी किल्ली. किल्ली हरवली की बसा. स्क्रू ढिला झाला की नेम गेला. लाकडी दस्त्याला ढिलं व्हायला काही नसतंच. एकदा बसला की बसला.

मिनल म्हणते, "बाबा, माझ्या पोरीच्या बाबतीत मी तुमचं ऐकणार नाही, मॅडमचंही ऐकणार नाही. जितू सांगेल तो दस्ता. त्याने हे सगळं भोगलं आहे." भोगलं! जसं काही मी तुला काळ्या पाण्याला पाठवलं होतं. बापाने स्वतःच्या हाताने दस्ता कोरून दिला त्याला हल्ली भोगणं म्हणतात.

तू तेव्हा म्हणाला होतास, दस्ता लांब आहे. नाचता येईना अंगण वाकडे. असो. तो विषय काढायचा नाही असं तुझ्या आईला कबूल केलं आहे, म्हणून काढत नाही.

उत्तर लवकर पाठव.

बाबा

---

लकडगंज
२१ मे

चि. जितेंद्र,

नऊ दिवस झाले. पत्र पोचलं आहे, कारण आईने फोनवर विचारलं तेव्हा तू "हो" म्हणालास. म्हणजे वाचलंस आणि मूग गिळून बसलास. या घरात असं बसण्याची पद्धत नाही. ती तू कुठून उचललीस कोण जाणे.

तुझ्या उत्तराची वाट पाहत मी हातावर हात धरून बसणाऱ्यातला नाही. रविवारी टेप आणि पुठ्ठा घेऊन क्लबच्या हॉलमध्ये गेलो. म्हटलं, माप घेऊन ठेवू, तुझं उत्तर आलं की करवत चालवू. बाहेर पंचेचाळीसच्या वर तापलेलं, हॉलमध्ये दोन पंखे, आणि पोरगी आत स्वेटर, वर ते जाडजूड शूटिंगचं जाकीट घालून उभी. मला बघवेना. म्हटलं, बेटा, आधी ते काढ, मोकळी हो, मग माप घेतो.

श्वेता मॅडम लांबूनच ओरडल्या, "काका, जाकीट काहून काढायले लावून राहिले? जाकीट काढून नेम धरते का ती?"

मी म्हटलं, माप अंगाचं असतं, कपड्यांचं नाही.

त्या म्हणाल्या, "दस्ता अंगाले नाही लागत काका, जाकिटाले लागते. आत स्वेटर, खांद्यावर रबराची पट्टी. अर्धा इंच तर त्याच्यातच जाते, दस्ता तेवढा आखूड लागते."

चार पोरंपोरी ऐकत होती. मी टेप गुंडाळून खिशात टाकला आणि पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आलो.

आता तुला सांगायला हरकत नाही. तुझं माप मी मे महिन्यात घेतलं होतं. दुकानात, कुलरसमोर, तू बनियनवर होतास. कोपराच्या घडीपासून पहिल्या बोटाच्या पेरापर्यंत, आमच्या लोकांत घेतात तसं. जाकीट खुंटीला टांगलेलं होतं. तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं. तुझ्या त्या वेळच्या सरांनीही नाही. मी सुतार माणूस, चौकटी करतो, दरवाजे करतो, रायफलीचं जाकीट मला काय माहीत? तेव्हा दोष कुणाला द्यायचाच असेल तर सरांना दे, नागपूरच्या उन्हाला दे.

आणि अर्धा इंच म्हणजे काय मोठं आभाळ कोसळलं? अर्ध्या इंचासाठी कोणी राज्य स्पर्धा हरत नाही.

हे तुला कळावं म्हणून लिहिलं. आता तरी तो एक शब्द लिही.

बाबा

---

लकडगंज
३० मे

जितेंद्र,

तुझं कार्ड मिळालं. सात वर्षांनंतर दोन शब्द. "उन्नतीला विचारा." खाली नाव. आशीर्वाद मागितला नाहीस, नमस्कार लिहिला नाहीस, आणि तेही उघड्या कार्डावर. पोस्टमन रुपराव वाचतच दुकानात शिरला. "मारोतराव, उन्नतीले काय विचाराले सांगून राहिला पोरगा?" बसलेल्या गिऱ्हाइकांनी माना वर केल्या.

मी तुला विचारलं होतं लाकडी की अ‍ॅडजस्टेबल. तू लिहितोस उन्नतीला विचारा. मी बाजारातून मीठ आणायला सांगितलं आणि तू सांगतोस स्वयंपाकघराला विचारा. चौदा वर्षांच्या पोरीला विचारून निर्णय घ्यायला लागलो तर उद्या शाळेत जायचं की नाही हेही तिलाच विचारावं लागेल. तुला मी कधी काही विचारलं होतं का? अडलं का काही तुझं?

हे वाक्य लिहून झाल्यावर मी पुन्हा वाचलं. खोडणार होतो. खोडत नाही, पत्रात खाडाखोड वाईट दिसते.

नवतपा सुरू आहे. दुपारी लाकूडसुद्धा तडतडतं. सूनबाईला, वैभवीला, उन्हात बाहेर पडू देऊ नकोस.

बाबा

---

लकडगंज
५ जून

चि. जितू,

विचारलं.

म्हणजे सरळ नाही विचारलं. सांगतो.

काल उन्नती शाळेची पुस्तकं घ्यायला आली आणि आत जाऊन आजीपुढे बसली. मी पाणी प्यायला आत गेलो तर तुझी आई तिच्या मानेला तेल चोळत होती. तिळाचं, गरम करून. वाटी अर्धी झालेली. तेल चोळणाऱ्या बाईच्या हातावरून कळतं की हे आजचं नाही. मी विचारलं, काय झालं?

तुझी आईच म्हणाली, "दीड महिन्यापासून चोळून राहिली मी. रायफल मारून आली की मान फिरत नाही तिची. तुमाले नाही दिसत, तुमाले लाकूड दिसते."

मी म्हटलं, मग मला सांगायला काय झालं होतं?

उन्नती खाली बघत म्हणाली, "आबाजी, दस्ता मले लांब पडते. मान पुढे काढावी लागते. वीस-पंचवीस छर्रे जमते, मग मान थरथरते."

मी म्हटलं, अगं, पण हे आधीच का नाही बोललीस? बोलली असतीस तर...

ती म्हणाली, "बोलली असती तर तुम्ही मलेही म्हटलं असतं, नाचता येईना. मामाचा किस्सा तुम्ही सगळ्यांले सांगता. मग माझाही सांगितला असता."

जितू, ती रागावून बोलली नाही. रागाने बोलली असती तर मीही दोन शब्द सुनावले असते, मला जमतं ते. तिने अगदी साधेपणाने सांगितलं, ऊन आहे म्हणून छत्री घेतली असं सांगतात तसं. मला लाज वाटली. चौसष्ट वर्षांच्या माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरात, पाण्याचा पेला हातात धरून, एवढी लाज वाटू नये.

आज सकाळी मी क्लबमध्ये जाऊन सांगून आलो, अ‍ॅडजस्टेबल द्या. सध्या त्यांच्याकडचाच एक जुना दिला आहे. श्वेता मॅडमनी ती एवढीशी किल्ली माझ्याच हातात ठेवली. "काका, तुम्हीच लावा माप." पोरगी जाकीट घालून उभी राहिली. मी एक स्क्रू ढिला केला, दस्ता आत सरकवला, गालाची पट्टी दोन बोटं वर केली. ती म्हणाली, अजून थोडं. अजून थोडं केलं. मग तिने गाल टेकवला आणि मान सरळ राहिली. पाच मिनिटं लागली. दिसायला तो दस्ता अजूनही कुबडीच आहे, त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही.

तुझं उत्तर बरोबर होतं.

बाबा

---

लकडगंज
१० जून

चि. जितू,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं. पहिल्या वेळी लिहिलं की काल माळ्यावर जुनं सामान शोधताना तुझ्या दस्त्याचा पुठ्ठ्याचा फर्मा सापडला आणि माझ्या लक्षात आलं. फाडलं ते. फर्मा खरंच माळ्यावर आहे, पण तो काढायची मला गरज नव्हती. मला सगळं आधीपासून माहीत होतं.

तुझं माप आलं होतं साडेबारा इंच. मी फर्म्यावर रेघ मारली साडेतेरावर. मुद्दाम. तू सोळा वर्षांचा, भराभर उंच होत होतास. तुझ्या शाळेच्या पँटी मी कायम दोन दुमडी घालून शिवून आणल्या, चपला एक नंबर मोठ्या घेतल्या. आपल्यात सगळं वाढत्या अंगाचंच घ्यायचं असतं. दस्ताही घेतला वाढत्या अंगाचा. म्हटलं, यंदा थोडा लांब पडेल, पुढच्या वर्षी बरोबर बसेल. पँट दुमडता येते आणि लाकूड दुमडता येत नाही, हे मला, सुताराला, सुचलं नाही. एक इंच तो, आणि वर जाकिटाचा अर्धा. दीड इंच लांब दस्ता घेऊन तू राज्य स्पर्धेत उभा राहिलास.

यातही एक गोष्ट अजून लपते आहे, ती लिहितो.

स्पर्धेच्या दहा दिवस आधी तू स्वतः टेप घेऊन दुकानात आला होतास. आठवतं? तुला आठवत असणारच. म्हणालास, बाबा, एकदा मोजून बघा, लांब आहे. समोर रोज चहाला येणारे मनोहरराव बसले होते आणि दोन गिऱ्हाइकं होती. मी टेप तुझ्या हातातून काढून घेतला. मला मोजायची गरज नव्हती, आकडा मला पाठ होता. पण दस्त्याला पॉलिश झालं होतं, मागच्या टोकाला पितळी पट्टी बसवली होती, तिच्यावर तुझं नाव कोरलं होतं, आणि सगळं लकडगंज येऊन बघून गेलं होतं. मापात मारोतरावचा हात कोणी धरू शकत नाही, असं लोक म्हणतात. त्या लोकांसमोर मी आता मागून एक इंच कापतो असं म्हणावं लागलं असतं. मी त्याऐवजी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडे. सगळे हसले. तू टेप उचलून जागेवर ठेवलास आणि गेलास.

पट्टी काढायची, करवत मारायची, कानस फिरवायची, पट्टी लावायची. दहा मिनिटांचं काम होतं, जितू.

स्पर्धेत पहिल्या वीस छर्ऱ्यांपर्यंत तू पहिल्या पाचांत होतास. मी मागे खुर्चीवर बसून बघत होतो. तुझी मान थरथरायला लागली ते मला दिसलं. त्यानंतर तू रायफल दुकानात आणून ठेवलीस आणि पुन्हा हात लावला नाहीस. मी ती भिंतीवर टांगली आणि किस्सा करून टाकला. गिऱ्हाइकांना, पाहुण्यांना, व्याह्यांना. शेवटी वैभवीच्या या घरातल्या पहिल्या दिवाळीला, फराळाचं ताट तिच्या हातात असताना, सगळ्यांसमोर. तू तिच्या हातातलं ताट बाजूला ठेवलंस, "बाबा, दस्ता लांब होता" एवढंच म्हणालास आणि दोघं निघून गेलात. आणि मी त्या दिवसापासून सांगत आलो की पोरगा एका म्हणीवरून घर सोडून गेला.

चूक माझी होती, ती मला तेव्हाच ठाऊक होती आणि मी ती तुझ्या नावावर टाकली. याची माफी कशी मागतात ते मला येत नाही. मागतो आहे एवढं समज.

बाबा

---

लकडगंज
१७ जून

चि. जितू,

पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नकोस, पत्र छोटं आहे.

काल दुपारी मनोहरराव चहाला आले. दुकानात चार माणसं होती, सगळी त्यांच्याच ओळखीची. मनोहरराव नेहमीप्रमाणे भिंतीकडे बघून म्हणाले, "रायफल कुठी गेली गा? तो किस्सा सांग ना यांले." मी सांगितला. या वेळी पूर्ण सांगितला, साडेबारा आणि साडेतेरासकट. कोणी हसलं नाही. मनोहररावांनी चहा अर्धा ठेवला आणि म्हणाले, "मंग पंधरा वर्ष आमाले काहून हसवून राहिला होता गा, मारोती?" आणि ते उठून गेले. उद्यापर्यंत कळमन्यापर्यंत पोचेल ही बातमी. पोचू दे.

तुझी आई आतून ऐकत होती. जेवताना म्हणाली, "सुंभ जळला, पीळ थोडासा गेला म्हणायचा." पोळीवर तूप मात्र जास्तीचं घातलं.

उन्नतीची चाचणी रविवारी आहे, सकाळी आठला, क्लबच्याच हॉलमध्ये. कालच्या सरावात ती शेवटपर्यंत घसरली नाही. किल्ली ती गळ्यात दोऱ्याला बांधून ठेवते. दर महिन्याला मोजून बघायचं आणि वाढेल तसा स्क्रू फिरवायचा, असं श्वेता मॅडमनी सांगितलं आहे. वाढत्या अंगाला तेच बरं, हे मला मान्य करावं लागतं. अंग थांबलं की मग लाकडी, हे माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही आणि त्या बाईंनाही ते पटतं असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

तू ये असं मी लिहीत नाही. सात वर्षं मी तो तास काढला नाही, आता तुझ्याकडून मागायला तोंड नाही. तू आलास तर मागच्या रांगेत माझ्या शेजारची खुर्ची आहे. नाही आलास तर पुढच्या रविवारी मीच मौद्याला येतो. वैभवीला विचारून ठेव, चालेल का म्हणून. तिलाही विचारायचं राहिलंच आहे.

सोबत कागदात गुंडाळलेली लाकडाची चकती आहे. आज सकाळी तुझ्या दस्त्याची पितळी पट्टी काढली आणि मागचं टोक कापलं. करवत अजून सरळ चालते. एका बाजूला पॉलिश आहे, एका बाजूला ताजं लाकूड, पट्टीच्या स्क्रूची दोन भोकंही दिसतील. ठेवायची नसेल तर खुशाल फेकून दे. पण फेकण्याआधी एकदा टेप लावून मोजून बघ. पूर्ण एक इंच आहे. तुझं म्हणणं बरोबर होतं.

बाबा